रॉड, रीळ आणि लूर: दोन फेऱ्यांच्या मधली देखभाल

खडकावरचा

गळाच्या सामानाची खरी वाट लागते ती घरात. दमून आल्यावर रॉड दाराआड उभा राहतो, ओले लूर (हुक लावलेली कृत्रिम आमिषं) तसेच डब्यात जातात, झाकण लागतं, आणि पुढच्या वेळी डबा उघडला की प्रत्येक हुकावर तांबूस थर. याबद्दलचे प्रश्न मंचावरच्या वेगवेगळ्या धाग्यांत विखुरले आहेत, म्हणून सगळं एका जागी आणतो. खारं पाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. गोड्या पाण्यात मिठाचा त्रास नाही, पण वाळू, शेवाळ आणि ओल आहेच.

आल्याबरोबर रीळ रॉडवरून काढा. रीळ तसंच राहिलं तर रीळ सीटच्या हूडखाली (रीळ रॉडला आवळून धरणाऱ्या टोपणाखाली) खारं पाणी अडकतं, आणि हूडचं स्टील व रिळाच्या पायाचं अॅल्युमिनियम एकत्र आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पायावर पांढरी भुकटी दिसली की समजा सुरुवात झाली. त्यानंतर काही महिन्यांत हूडचे आटेच फिरत नाहीत.

रॉड धुवायला पाण्याचा जोर नको. साधं गोडं पाणी आणि मऊ स्पंजवर भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. स्पंज मुठीकडून टोकाकडे न्या. प्रत्येक गाइडच्या (लाइन जिच्यातून जाते त्या कडीच्या) पायाशी, जिथे दोरा गुंडाळून वर इपॉक्सी चढवलेलं असतं, तिथे जुन्या मऊ टूथब्रशने दोन-तीन वेळा घासा. मीठ बसतं ते नेमकं तिथे. इपॉक्सीच्या आतून तपकिरी किंवा हिरवट डाग दिसत असेल तर पाय गंजतोय. तो डाग वरून पुसून जाणार नाही, गाइड बदलावाच लागतो.

मग कोरड्या फडक्याने पुसा, दोन्ही तुकडे वेगळे ठेवा आणि सावलीत, वारा लागेल असे किमान एक रात्र राहू द्या. ट्यूबमध्ये किंवा कापडी पिशवीत घालायची घाई नको. ओला रॉड बंद ट्यूबमध्ये राहिला की वार्निशला फोड येतात, कॉर्कला बुरशी लागते. निओप्रीनच्या पिशव्या तर पाणी धरूनच ठेवतात, त्यासुद्धा रॉडबरोबर धुवून वाळवायला हव्यात.

रॉड ठेवायचा तो सरळ उभा, किंवा आडवा असेल तर तीन-चार ठिकाणी आधार देऊन. भिंतीला तिरका टेकवून महिनोन्महिने ठेवू नका. फायबरग्लास रॉडला त्याने बाक धरतो. कार्बनला बाक कमी धरतो, पण टिपवर भार राहतोच. आणखी एक सवय मोडायला हवी: लूर गाइडच्या रिंगमध्ये अडकवून लाइन ताणून ठेवणं. हुकाच्या टोकाने सिरॅमिक रिंगला ओरखडा पडतो आणि टिप दिवसरात्र वाकलेली राहते. हुक कीपर (मुठीजवळची हुक अडकवायची कडी) नसेल तर हुक गाइडच्या धातूच्या पायात अडकवा आणि लाइन सैल सोडा.

शिंपली

उत्तम धागा. रिंगची तपासणी कशी करायची तेही इथेच लिहून ठेवते. कापसाचा बोळा किंवा कान साफ करायची काडी प्रत्येक रिंगच्या आतून पूर्ण गोल फिरवा. कापसाचे तंतू अडकले की तिथे तडा आहे. डोळ्याला हा तडा दिसत नाही. ब्रेड (विणलेली) लाइन मात्र प्रत्येक फेकीला त्यावरून घासून जाते, आणि आपण दोष लाइनला देत बसतो. टिपची रिंग आधी तपासा, सर्वात जास्त मार तिलाच बसतो.

टिप, म्हणजे टोकाची रिंग तिच्या नळीसकट, बदलताना इपॉक्सी वापरू नका. टिपसाठी गरम करून लावायचा गोंद मिळतो, तो किंवा साधी हॉट ग्लू कांडी चालते. पुढे परत काढायची वेळ आली तर थोडी ऊब दिली की निघते. मापाकडे मात्र लक्ष द्या. टिपच्या नळीचं माप बऱ्याचदा इंचाच्या 64 भागांत देतात. 5 नंबर म्हणजे 5/64 इंच, जवळपास 2 मिमी. व्हर्नियर कॅलिपरने रॉडचं टोक मोजून मगच आणा.

सुतळी

शिंपलीताई, जुनी टिप काढताना लायटर चालतो का? नळीत गोंद घट्ट बसलाय, आणि रॉड कार्बनचा आहे.

शिंपली

चालतो, पण ज्योत फक्त धातूच्या नळीला लागू द्या, रॉडला नाही. दोन-तीन सेकंद ऊब द्यायची, बाजूला न्यायची, पक्कडीने टिप धरून सरळ रेषेत ओढून बघायची. नाही निघाली तर पुन्हा दोन सेकंद. एका दमात तापवत राहिलात तर कार्बनमधलं रेझिन सुटतं आणि टोक मऊ पडतं. मग तेवढा भाग कापून टाकण्याशिवाय इलाज नाही. पिळू नका. उकळत्या पाण्यात टोक बुडवणं जास्त सुरक्षित, बऱ्याचशा हॉट ग्लूला तेवढी उष्णता पुरते.

नवीन टिप बसवताना बाकीच्या गाइडच्या रेषेत आहे ना, ते गोंद गरम असतानाच मुठीकडून एक डोळा मिटून बघा.

पाणकावळा

रिळाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी घेतो. सर्वात जास्त गैरसमज इथेच आहेत.

रीळ पाण्यात बुडवून ठेवू नका. उन्हात तापलेलं रीळ गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. पाइपचा फवारा मारलात तर मीठ बेअरिंगपर्यंत पोचतं. माझा क्रम असा:

1. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) पूर्ण घट्ट करा, म्हणजे वॉशरच्या चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही.
2. वरून शॉवरसारखं हलकं पाणी पाच-दहा सेकंद सोडा, मग ओल्या फडक्याने पुसा. लाइन रोलर आणि बेलचे (लाइन धरून गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीचे) दोन्ही सांधे विसरू नका.
3. झटकून जास्तीचं पाणी काढा, स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरकी) वेगळा करा, शाफ्ट पुसा.
4. सावलीत वाळवा. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करा.

चौथी पायरी लोक हमखास गाळतात. ड्रॅग घट्ट राहिला की चकत्या दाबून राहतात, फेल्टच्या तर कायमच्या चपट्या होतात. मग मोठा मासा लागला की लाइन एकसारखी सुटत नाही, झटक्या-झटक्याने सुटते, आणि लीडर (लाइनच्या टोकाला बांधलेला वेगळा तुकडा) तुटतो तो याच झटक्याने.

तेल-ग्रीसचं थोडक्यात: लाइन रोलरला रिळाच्या तेलाचा एक थेंब, हँडलच्या मुठीला एक, बेलच्या सांध्यांना एकेक. मुख्य गिअरला ग्रीस, तेही दात झाकतील इतकंच पातळ. अँटी-रिव्हर्सच्या (हँडल उलटं फिरू न देणाऱ्या) वन-वे क्लचला ग्रीस अजिबात नको. त्यातले रोलर घसरायला लागतात आणि हुक मारताना हँडल उलटं फिरतं. गंजरोधक स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. त्यातलं सॉल्व्हंट आतलं ग्रीस धुवून काढतं. बाहेरच्या स्क्रूवर फडक्याने लावा हवं तर, रिळाच्या आत मारू नका.

दीपस्तंभ

पाणकावळा, पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. सील नसलेल्या साध्या रिळात ड्रॅग कितीही घट्ट केला तरी स्पूलच्या खालून पाणी जातंच. अशा रिळाला पाणी सोडण्यापेक्षा गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं तीन-चार वेळा फिरवणं बरं. शॉवर सील असलेल्यांना.

आणि स्पूलवरच्या लाइनचं काय? मीठ तर तिच्यात असतं. स्पूल काढून, आतल्या ड्रॅगच्या चकत्या क्रमाने बाहेर काढून, फक्त लाइनसकट स्पूल कोमट गोड्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवायचा. पाणी एकदा बदलायचं. मग दोन दिवस वाळू द्यायचा. अॅल्युमिनियमच्या स्पूलवर लाइनच्या तळाशी ओलं मीठ महिनाभर राहिलं तर स्पूललाच खड्डे पडतात.

पाणकावळा

फडक्याचा मुद्दा मान्य. सील नसलेल्यांना तुमचीच पद्धत बरोबर. चकत्या काढताना एकेक काढून ओळीत मांडा आणि वर मोबाइलने फोटो काढा. स्टील आणि कार्बन आलटून-पालटून असतात. क्रम चुकला की ड्रॅगची ताकद निम्मी होते आणि कारण सापडत नाही.

सुतळी

लाइनवरून विचारतो. मोनो (एकपदरी लाइन) किती काळ ठेवावी? ब्रेडचा रंग उडालाय, ती टाकू का?

दीपस्तंभ

ब्रेडचा रंग हा वरचा लेप असतो. रंग उडाला म्हणजे ताकद गेली असं नाही. ब्रेडचा धागा पॉलिएथिलीनचा, तो पाणी पीत नाही. बघायचं ते वेगळं: पहिले 10 मीटर बोटांमधून सरकवा. लव आल्यासारखी लागली, किंवा मध्येच चपटी आणि खरखरीत लागली, तर तेवढी कापा. पुढचा भाग झिजला असेल आणि मागचा कोरा असेल तर लाइन उलटी करा. दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर गुंडाळा, तिथून तिसऱ्यावर, मग मूळ स्पूलवर. थेट एकदाच गुंडाळून परत घेतलीत तर टोकं होती तशीच राहतात, हा हिशेब चुकतो बऱ्याच जणांचा.

मोनो नायलॉनची. ती पाणी शोषते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी कुजते. तिला वेटोळ्यांची सवयही लागते. गाठ बांधून दोन्ही हातांनी ओढा. कोरड्या हिसक्याला कुडकन तुटली तर सगळी काढा. फ्लुरोकार्बन (लीडरला वापरतात ते) पाणी शोषत नाही, उन्हालाही टिकतं, पण ओरखडा पडला की तिथेच तुटतं. म्हणून लीडर ओठांमधून किंवा नखाच्या कडेवरून ओढून बघायचा आणि खटका लागला की नवा बांधायचा. लीडरच्या बाबतीत काटकसर नको.

भरताना स्पूलच्या कडेपासून 1 ते 2 मिमी रिकामं ठेवा. काठोकाठ भरलात तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, फार कमी भरलात तर फेक तोकडी पडते. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली तर सगळी लाइन एकसंध गरकन फिरते आणि ड्रॅग सुटल्यासारखं वाटतं. तळाला थोडी मोनो घ्या.

खडकावरचा

आता लूर. डबा हा लूरचा शत्रू होऊ शकतो, कारण एक ओला लूर बाकीच्या वीस हुकांना गंजवतो. मिठाच्या ओलसर थरात स्टीलची स्प्लिट रिंग (हुक लूरला जोडणारी कडी) आणि टिनचा मुलामा दिलेला हुक एकमेकांना टेकले की हुक जास्त वेगाने गंजतो. म्हणून वापरलेले लूर मूळ डब्यात परत टाकायचेच नाहीत. एक वेगळी जाळीची पिशवी किंवा भोकं पाडलेला डबा ठेवा, वापरलेलं सगळं त्यात. घरी आल्यावर पिशवीसकट कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं, मग दोरीवर टांगून किंवा टॉवेलवर पसरून पूर्ण वाळवायचे. ट्रेबल हुकाच्या गाभ्यात, जिथे तीन हुक जोडलेले असतात, तिथे थेंब राहतो. तो फुंकून काढा किंवा टिश्यूचं टोक लावून टिपून घ्या.

सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, पण त्या वाळलेल्या डब्याला कोरडं ठेवतात. ओले लूर वाळवायचं काम त्यांचं नाही. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर कधी भरले ते कळतं. नारिंगी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये 100 ते 120 अंशांवर एक-दोन तास तापवून परत वापरता येतात. दाणे पसरट भांड्यात काढून तापवा, कागदी पुडीसकट नको.

हार्ड लूर कानाशी धरून हलवा. आतल्या गोळ्यांच्या आवाजाबरोबर पाणी डचमळल्याचा आवाज आला तर सांध्याला तडा गेलाय, आणि असा लूर पाण्यात तिरका चालतो. गरम पाण्यात क्षणभर बुडवलात तर तड्यातून बुडबुडे येतात, जागा सापडते. पाणी काढून, चार-पाच दिवस वाळवून, मगच सुपरग्लू. बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेल्या लूरला असेच तडे जातात. आतली हवा फुगते आणि शिवण उघडते.

शिंपली

सॉफ्ट प्लास्टिकचं स्वतंत्र लिहायला हवं, नुकसान सर्वात जास्त तिथेच होतं. मऊ लूर पीव्हीसीत प्लास्टिसायझर घालून करतात. तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि कडक प्लास्टिकला विरघळवतो. पॉलिस्टायरीनच्या स्वस्त डब्यात मऊ शेपट्या ठेवल्या तर डब्याचा तळ चिकट होतो, हार्ड लूरचा रंग सोलवटतो. पॉलिप्रॉपिलीनचा डबा चालतो, डब्याच्या तळाला त्रिकोणात 5 आकडा असतो. मूळ पाकिटं सर्वात उत्तम. कप्प्यांत ओतू नका, पाकिटंच ठेवा.

दुसरं, ताणले की दुप्पट-तिप्पट लांबतात ते टीपीईचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) लूर. ते पीव्हीसीच्या मऊ लूरला लागले की दोन्ही वितळून एक गोळा होतो, कितीही धुतला तरी उपयोग नाही. दोन्ही वेगळ्या डब्यांत. रंगही एकमेकांत उतरतात, गडद आणि फिकट एकत्र नकोत. मीठ घातलेले मऊ लूर हुकावर टोचलेले ठेवू नका, कोरडे दिसले तरी हुक आतून खातात.

शेपूट वाकडी झाली असेल तर उकळून गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात 15-20 सेकंद धरा, सरळ करून लगेच गार पाण्यात टाका. वाकड्या शेपटीचा लूर पाण्यात गरगरत येतो आणि लाइनला पीळ बसतो.

सुतळी

केसांच्या आणि पिसांच्या जिगना (जड डोक्याच्या हुकांना) कसर लागते. डांबराच्या गोळ्या टाकल्या तर?

शिंपली

नका टाकू. डांबराच्या गोळ्यांची वाफ प्लास्टिकला मऊ करते, डबा आणि रंग दोन्ही जातात, आणि वास पिसांत मुरतो. जिग पूर्ण वाळवून झिप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. अळी आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

तसंच डास पळवायचं डीट असलेलं मलम. ते लावलेल्या हाताने लूर, लाइन, रॉडचं वार्निश यांना हात लावू नका. डीट प्लास्टिक विरघळवतं. आधी हात साबणाने धुवा. बोटांचे ठसे लूरवर कायमचे उमटतात ते यामुळे.

दीपस्तंभ

हुकांची धार. टोक नखावर तिरकं टेकवून अलगद ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट. बारीक कानशीने टोकाकडून काट्याच्या दिशेने, दोन बाजूंनी तीन-चार हलके हात द्या. रासायनिक धार दिलेल्या हुकांना कानस लावून फार फायदा नाही, ते बदलाच. हुकाचा नुसता रंग बदलला असेल तर चालेल, पण गंजाचा खड्डा पडला असेल तर टाका. वाकतो तो तिथेच.

बदलताना वजन जुळवा. पाण्यात मध्येच तरंगत थांबणाऱ्या लूरला जाड तारेचे 3एक्स हुक लावले की तो बुडायला लागतो. आधी बादलीत किंवा टबात सोडून बघा. ट्रेबल काढून एकेरी हुक लावत असाल तर सर्वसाधारण पद्धत अशी: पोटाच्या हुकाचं टोक लूरच्या तोंडाकडे, शेपटीच्या हुकाचं वर. आणि स्प्लिट रिंग नखाने उघडू नका, स्प्लिट रिंगची पक्कड वापरा. ताणून उघडलेली रिंग पुन्हा नीट मिटत नाही. तिच्या फटीतून लाइन निसटते.

पाणकावळा

रॉडच्या सांध्याचा मुद्दा राहिलाच. तुकडे अडकले की गाइड धरून पिळू नका, गाइडचा पाय उखडतो. दोन जण समोरासमोर उभे राहा. प्रत्येकाचा एक हात सांध्याच्या खाली, एक वर, आणि दोघांनी एकदमच सरळ ओढायचं. तरीही नाही निघाला तर मधे मीठ किंवा वाळू बसली आहे. सांधा कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि परत ओढा.

स्पिगॉट सांध्यात (एका तुकड्याची खुंटी दुसऱ्यात बसते त्यात) दोन्ही तुकड्यांमध्ये थोडी फट दिसते, 5 ते 10 मिमी. ती दोष नव्हे, तशीच हवी. झिजत झिजत फट बुजली की सांधा ढिला झाला म्हणायचा. तेव्हा नर भागावर मेणबत्तीचं साधं मेण चोळा आणि बोटाने पसरवा. ग्रीस नको, त्यात वाळू चिकटते आणि मग सांधा पॉलिश पेपरने घासल्यासारखा झिजतो.

खडकावरचा

निघायच्या आदल्या दिवशीचं एवढंच उरलं. सांधा बसवून गाइड एका रेषेत आहेत ना बघा. रॉड अंगठा आणि बोटांमधून पूर्ण लांबीभर सरकवा, चिरल्यासारखं काही लागलं तर तो रॉड न्यायचा नाही. शिसं किंवा जड जिग प्रवासात रॉडवर आपटून असे ओरखडे पडतात, आणि मोडतो तो पुढच्या माशाला. सैल केलेला ड्रॅग परत लावा, अंदाजाने नाही. लाइन सर्व गाइडमधून घेऊन टोक स्प्रिंग काट्याला बांधा आणि रॉड थोडा वाकवून ओढा. ब्रेड आणि लीडरपैकी जो कमजोर असेल त्याच्या ताकदीच्या पाव भागावर लाइन सुटायला हवी. लीडर 10 किलोचा असेल तर काटा 2.5 किलो दाखवताना ड्रॅग चालू झाला पाहिजे. झटक्याने सुटत असेल तर चकत्या काढून पुसा.

सुतळी

काटा लावून बघितला. 2.5 वर नीट सुटते, पण सुरू होताना 3 च्या वर जाऊन मग खाली येते. हे चालेल?

पाणकावळा

सुरुवातीचा तो चढ म्हणजे चकत्या एकमेकींना चिकटल्यात. थोडा चढ सगळ्या ड्रॅगला असतो, पण 2.5 ला अर्धा किलो जास्त आहे. चकत्या काढा. कार्बनच्या असतील तर कोरड्या फडक्याने पुसून ड्रॅगच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, बोटाला लागेल न लागेल इतका. फेल्टच्या असतील तर दाबून बघा, कडक झाल्या असतील तर बदला. बसवून दहा-बारा वेळा लाइन ओढून ड्रॅग चालवा आणि मग पुन्हा काटा लावा.